पाचव्याचा एक्झॉस्ट

सरळ पट्टीवरच्या ड्रॅग शर्यतीत दोन फेऱ्यांच्या मधली वेळ. बॉनेट उतरवून गवतावर ठेवलेलं, डावीकडचं व्हॉल्व्ह कव्हर उघडं, हेडरच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या, पाइपवर तेलाचा थेंब पडला की निळसर धुराची एक रेघ वर जातेय. एक जण पुढून लांब दांड्याचा पाना लावून क्रँक फिरवतोय आणि क्रूमधला सगळ्यात लहान पोरगा वाकून टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट, बघतोय. एक नंबरच्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह, फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पाती सरकली. तीनचे दोन्ही, सरकली. पाचव्याच्या एक्झॉस्टला अडली. त्याने पाती पुसून पुन्हा घालून पाहिली. मग ॲलन की लावून मधला स्क्रू सैल केला, नट किंचित उलटा फिरवला, पाती हवी तशी ओढ लागून सरकली तसा स्क्रू आवळला आणि पुढे गेला. वीस-पंचवीस सेकंदांचं काम, हातही सफाईदार. कव्हर बसल्यावर क्रू चीफने विचारलं, पाचवा किती होता? पोरगा म्हणाला, टाइट होता, केला बरोबर.

टाइट म्हणजे किती, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

एवढीशीच गोष्ट, पण ती मनातून जात नाही. पोराने चूक काहीच केली नव्हती. कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्यांच्या दांड्याच्या, कार्डावर फट वीस लिहिली होती, त्याने वीस करून दिले. पण दुकानात संध्याकाळी रोकड मोजताना शिल्लक जुळली नाही आणि कारकुनाने रोजमेळातला आकडा खोडून पेटीत आहे तेवढा लिहिला, तर हिशेब जुळला असं आपण म्हणत नाही. इथे नेमकं तेच झालं होतं. आकडा जुळला, पैसे कुठे गेले ते राहून गेलं.

ज्या इंजिनाबद्दल बोलतोय ते जुनं, सगळ्यांच्या ओळखीचं स्मॉल ब्लॉक शेव्हरोलेट. १९५५ साली आलं आणि अमेरिकेतल्या ड्रॅग स्ट्रिपवर आजही कुठल्याही शनिवारी दिसतं. आठ सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, कॅम ब्लॉकच्या पोटात, तिथून लिफ्टर, पुशरॉड, रॉकर अशी वर व्हॉल्व्हपर्यंत येणारी साखळी. रस्त्यावरच्या अशा बहुतेक इंजिनांत लिफ्टर हायड्रॉलिक असतो, तेलाच्या दाबावर तो साखळीतली फट स्वतःच भरून काढतो. शर्यतीच्या इंजिनात तो चालत नाही, कारण जास्त फेऱ्यांवर तो फट गरजेपेक्षा जास्त भरतो आणि व्हॉल्व्ह मिटू देत नाही. म्हणून सॉलिड रोलर लिफ्टर, आणि म्हणून ही फट माणसाच्या हातात. स्प्रिंगही तशीच राक्षसी: व्हॉल्व्ह बंद असताना अडीचशे-तीनशे पाउंड, पूर्ण उघडल्यावर सातशे-आठशे. इंजिन मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर असेल तर कॅम ४,००० फेरे घेतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सहासष्ट वेळा उघडतो आणि मिटतो. दर वेळी ती फट एकदा भरते, एकदा उघडते.

वीस म्हणजे वीस थाऊ, इंचाचा हजारावा भाग गुणिले वीस. अर्धा मिलिमीटर. आपल्याकडचा जुना फिटर सुतात बोलतो, आठ सूत म्हणजे इंच. त्या हिशेबाने एका सुतात सव्वाशे थाऊ. गंमत अशी की या इंजिनात रॉकर ज्याच्यावर बसतो त्या ७/१६ इंची स्टडला इंचात वीस आटे असतात, म्हणजे नटाच्या एका पूर्ण फेऱ्याला रॉकर पन्नास थाऊ वर सरकतो. पण रॉकर ही तरफ आहे. गुणोत्तर दीडचं असेल तर व्हॉल्व्हच्या टोकापाशी फट अडीचपट वाढते: साधारण सव्वाशे थाऊ, बरोबर एक सूत. म्हणजे एक थाऊ बदलायला नट जेमतेम तीन अंश फिरवायचा. घड्याळाचा मिनिटकाटा अर्ध्या मिनिटात जेवढा सरकतो तेवढा. ज्याला ‘किंचित’ म्हणून आपण पाना ढकलतो, त्या किंचितात सात-आठ थाऊ सहज निघून जातात.

आणि तेवढं सांभाळून केलं तरी शेवटी स्क्रू आवळायचा असतोच. पॉलीलॉक नावाचा हा नट आतून पोकळ, त्याच्या पोटातला ॲलन स्क्रू स्टडच्या डोक्यावर जाऊन टेकतो आणि नटाला जागेवर धरतो. स्टडचं डोकं सपाट घासलेलं नसेल, मूळ कारखान्याचा गोलावा तसाच असेल, तर स्क्रू एका बाजूला बसतो आणि दहा फेऱ्यांत ढिला होतो. सपाट असला तरी आवळताना आट्यांतली ढील एका बाजूला जाते आणि फट एक-दोन थाऊ हलते. म्हणून जाणता माणूस फट आधी जरा मोठी ठेवतो, स्क्रू हाताला लागेपर्यंत आवळतो, आणि मग नट व स्क्रू दोन्ही एकत्र शेवटचे थोडे फिरवून फट मापाला आणतो. त्या शेवटच्या पिळानेच कुलूप बसतं. स्टडच्या ओळीवर गर्डल, म्हणजे सगळे स्टड एकमेकांना बांधणारी पट्टी असेल, तर ती आवळल्यावरही फट बदलते. बोल्ट आवळून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून पाती घालून पाहायची. याचा कंटाळा सगळ्यांना येतो आणि तो कंटाळा नंतर महागात पडतो.

पाती सरकते म्हणजे नेमकं काय, हे सांगायला शब्द अपुरे पडतात. वहीच्या दोन पानांत दाबून ठेवलेलं मोरपीस ओढावं, तितकी ओढ. वीसची सरकली पाहिजे, एकवीसची अडली पाहिजे; असं दोन्हीकडून पाहिलं तर हाताच्या सवयीवर फार विसंबावं लागत नाही. पातीला तेल असेल तर ती खोटं बोलते. पाती वाकडी शिरली तर जास्तच खोटं बोलते, म्हणून पातळ, टोकाशी वाकवलेल्या पात्या वेगळ्या ठेवतात. जुन्या पात्या मध्यभागी झिजतात. वर्षातून एकदा मायक्रोमीटर लावला तर कळतं. आणि हात बदलला की आकडा बदलतो. एकाची ‘बरोबर’ ओढ दुसऱ्याला ‘जरा टाइट’ वाटते, थाऊभराचा फरक तिथेच पडतो. एका गाडीचे टॅपेट मोसमभर एकाच माणसाने बघावेत असं म्हणतात ते याचसाठी.

फिरवायचं कसं, यावर पिटमध्ये प्रत्येकाचं मत असतं. सगळ्यात भरवशाची पद्धत व्हॉल्व्हकडे बघूनच चालते: ज्या सिलिंडरचं काम आहे त्याचा एक्झॉस्ट उघडायला नुकती सुरुवात झाली की त्याच सिलिंडरचा इनटेक मोजा, मग क्रँक पुढे फिरवा, इनटेक पूर्ण उघडून परत जवळजवळ मिटत आला की एक्झॉस्ट मोजा. त्या क्षणी मोजायच्या व्हॉल्व्हचा लिफ्टर कॅमच्या गोल पाठीवर असतो, चढाच्या जवळपासही नसतो. दुसरी पद्धत जोड्यांची. १-८-४-३-६-५-७-२ हा फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम, त्यात एकाचा जोडीदार सहा, आठाचा पाच, चाराचा सात, तिनाचा दोन. सहाचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी जरा जरा उघडे दिसले की एकचे दोन्ही मोजून घ्या, नव्वद अंश पुढे जा, पाचकडे बघून आठ मोजा. आठ थांबे, दोन फेरे, संपलं. मात्र आजकाल अनेक कॅम चार आणि सात यांची अदलाबदल करून दळलेले असतात. जोड्या त्याच राहतात, पण क्रम १-८-७-३-६-५-४-२ होतो, आणि जुना क्रम पाठ असलेला माणूस तिसऱ्याच थांब्यावर चढावर बसलेल्या व्हॉल्व्हला पाती घालतो. तिथे जे टाइट लागतं ते फट बिघडली म्हणून नव्हे. क्रँक दोनदाच फिरवून आठ-आठ व्हॉल्व्ह उरकायची जी युक्ती साध्या इंजिनाला चालते, ती एवढ्या मोठ्या कॅमला लावू नये.

एक गोष्ट सगळ्या पद्धतींत सारखी. स्पार्क प्लग काढून ठेवा. क्रँक हाताने जाणवेल अशी फिरते, आणि प्लग बघायची वेळही तीच असते.

आता तापमान. इथे निम्मी भांडणं होतात. कार्डावरचा आकडा सहसा गरम इंजिनाचा असतो. ब्लॉक आणि त्यावर बसणारं, व्हॉल्व्ह धरणारं हेड दोन्ही लोखंडी असतील तर थंड इंजिनावर दोन थाऊ जास्त ठेवायचे. ब्लॉक लोखंडी, हेड ॲल्युमिनियमची, तर सहा कमी. दोन्ही ॲल्युमिनियम, तर बारा कमी. कारण सरळ आहे: ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. हेड तापलं की रॉकरचा स्टड त्याच्याबरोबर वर जातो, पोलादी पुशरॉड तेवढा वाढत नाही, फट रुंदावते. तेच इंजिन थंड होताना फट मिटत येते. पहिल्या बाजूचे आठ होईतो दुसरी बाजू निवलेली असते, त्यामुळे गरम इंजिनावर दोन्ही बाजूंचे आकडे खरं तर कधीच एका तापमानाचे नसतात. म्हणून अनेक जुने लोक सकाळी, रात्रभर निवलेल्या इंजिनावरच मोजतात. त्यांचा मुद्दा मला पटतो. फट गरम बरोबर की थंड बरोबर यापेक्षा काल आणि आज एकाच अवस्थेत मोजलं का, हे महत्त्वाचं. पिटमध्ये घाईत मोजायचंच असेल तर निदान दर वेळी त्याच बाजूने, त्याच क्रमाने, फेरीनंतर तितक्याच मिनिटांनी.

पाचव्याच्या एक्झॉस्टला तापमानाची सबब लागू पडत नव्हती. एक आणि तीन तेवढ्याच निवलेल्या हेडवर होते आणि त्यांना वीसची पाती सरकली होती. त्यातही या हेडची रचना अशी की मधल्या दोन सिलिंडरांचे, तीन आणि पाचचे, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अगदी शेजारी शेजारी येतात. भट्टीची सगळ्यात तापणारी जागा ती. शिवाय फायरिंगच्या क्रमात पाच आणि सात पाठोपाठ पेटतात, दोघे लागून. त्या कोपऱ्यातला एकच व्हॉल्व्ह टाइट होतो, तेव्हा तो काहीतरी सांगत असतो.

फट कमी झाली याचा अर्थ व्हॉल्व्हचं टोक रॉकरच्या जवळ आलं. ते दोनच कारणांनी येतं. एकतर सीट, म्हणजे व्हॉल्व्ह मिटताना टेकतो ती कडा, बसत चालली आणि व्हॉल्व्ह तिच्यात खोल गेला, किंवा व्हॉल्व्हच ताणला गेला: तापून मऊ झालेलं डोकं स्प्रिंगच्या ओढीने कण्हेरीच्या फुलासारखं उमलतं आणि दांडा वर सरकतो. दोन्ही गोष्टी कुठलाही आवाज न करता होतात. फट आणखी कमी होत शून्यावर आली की व्हॉल्व्ह सीटवर टेकेनासा होतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः सीटवाटेच हेडमध्ये उतरते, ती वाट बंद, की व्हॉल्व्ह जळणार. आणि जळायच्या आधी ताणलेलं डोकं तुटलं, तर ते सिलिंडरमध्ये पडून पिस्टन, हेड, कधीकधी भिंतसुद्धा घेऊन जातं. ट्रॅकवर तेल सांडतं, मागच्या सगळ्या गाड्या अर्धा तास खोळंबतात.

फट वाढली असेल तर गोष्ट वेगळी, आणि कारणंही जास्त. पॉलीलॉक सैल झाला. स्टड हेडमधून उपटत चालला. पुशरॉड वाकला, तो काचेवर लोळवला की डुगडुगतो. व्हॉल्व्हच्या टोकावरची टोपी फुटली. यांतलं काही नसेल तर मग वाईट बातमी खालून येतेय: लिफ्टरच्या रोलरमधल्या सुया झिजल्या किंवा कॅमचा चढ खचला. तेव्हा ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडायच्या आणि चुंबक फिरवायचा. चुंबकाला चमकणारी कुसळं चिकटली तर त्या दिवसाची शर्यत संपली असं समजावं. गिअर चुकून इंजिन भलतंच वर गेलं आणि पिस्टन व्हॉल्व्हला शिवला, तर वाकलेला व्हॉल्व्ह अर्धवट उघडा लटकतो, फट एकदम तीस-चाळीस थाऊवर जाते. नवखा माणूस ती बघून नट आवळायला घेतो. वाकलेला व्हॉल्व्ह नटाने सरळ होत नाही.

म्हणजे तोच नट, तीच पाती, आणि फट कुठल्या बाजूला किती सरकली यावर पुढचा अर्धा तास ठरतो. माझा हिशेब असा: दोन थाऊ इकडेतिकडे झालं तर लिहून ठेवा आणि मापाला आणा. पाच झालं तर कारण सापडेपर्यंत कव्हर बसवू नका. पाचव्याला वीसची अडल्यावर अठराची घालायची होती, मग सोळाची, मग चौदाची. दहा सेकंदांचं काम. अठराची गेली असती तर विशेष काही नाही. बारावरही अडली असती तर त्या सिलिंडरला शंभर पीएसआय हवा देऊन कान लावायचा होता: हेडरच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट गळतोय, कार्ब्युरेटरच्या तोंडाशी आली तर इनटेक. आता वीस करून दिल्यावर पुढच्या फेरीनंतर तो पुन्हा टाइट होईल, पुन्हा कुणीतरी ‘बरोबर’ करेल. चार आणि चार आठ, ही बेरीज कुठल्याच पानावर होणार नाही.

आपल्याकडे टॅपेट म्हटलं की आधी आवाज आठवतो. मेकॅनिक स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक इंजिनावर टेकवतो आणि मान हलवतो, टॅपेट वाजतंय. गिऱ्हाइकाला शांत इंजिन हवं असतं, म्हणून ‘जरा टाइट करून द्या’ अशी फर्माईश होते. जुन्या लोखंडी बुलेटचं गणित तर आणखी वेगळं. तिथे थंड इंजिनावर फट ठेवायचीच नाही, पुशरॉड चिमटीत सहज फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. ती चिमट ज्याच्या बोटांत मुरली आहे असा माणूस सॉलिड रोलरच्या इंजिनाला हात लावतो तेव्हा त्याला वीस थाऊची खडखड हा रोग वाटतो. ती खडखड इथे तब्येत आहे. वाजणाऱ्यापेक्षा जो गप्प झाला त्याच्याकडे आधी बघावं.

फट मुद्दाम बदलणारेही असतात, आणि ते अडाणी नसतात. फट चार थाऊ वाढवली की व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो, उचलही तेवढीच घटते. इंजिनाला वाटतं आपल्यात लहान कॅम बसवलाय. सुटताना, पहिल्या साठ फुटांत, याचा फायदा मिळू शकतो. कमी केली तर उलट, दम वरच्या फेऱ्यांकडे सरकतो. कॅम न बदलता कॅम बदलून पाहण्याची ही स्वस्त रीत आहे, चार थाऊच्या पलीकडे मात्र जाऊ नये. कमी करत गेलात तर व्हॉल्व्ह सीटवरून उठायला लागतो. वाढवत गेलात तर व्हॉल्व्ह कॅमच्या सावकाश उताराऐवजी कड्यावरून सीटवर आपटतो. फटीचं महत्त्व केवढं, तर १९६४ मध्ये आलेल्या शेव्हरोलेटच्या एका कॅमचं नावच लोकांनी फटीवरून पाडलं: डंटोव्ह ३०-३० (डंटोव्ह हा शेव्हरोलेटचा इंजिनिअर). इनटेकला तीस, एक्झॉस्टला तीस. १९६७ च्या कॅमारो झेड २८ मध्येही तोच होता. आजच्या वीसच्या मानाने तीस थाऊ म्हणजे दार सताड उघडं.

लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाला उतरणाऱ्या सुझुकी हायाबुसा मोटारसायकलचं बघा. तिथे नट नाही, रॉकर नाही. कॅमखाली बकेट, म्हणजे उलटी वाटी, बकेटखाली नाण्याएवढीही नसलेली शिम, म्हणजे ठरावीक जाडीची चकती. इनटेकला ०.१० ते ०.२० मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.२० ते ०.३०. फट बदलायची तर कॅम काढा, शिम काढा, मोजा आणि बेरीज-वजाबाकी करा: जुनी शिम १.७०, मोजलेली फट ०.०८, हवी ०.१५, म्हणजे नवी १.६३ हवी. शिम पाच-पाच शतांशांनी येतात, तर १.६५ घालून ०.१३ वर समाधान मानायचं किंवा १.६० घालून ०.१८ वर. काम किचकट आहे, लोक वैतागतात. पण तिथे जुना आकडा माहीत नसेल तर नवी शिम निवडताच येत नाही. सीट बसली, किती बसली, हे कागदावर आल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. स्मॉल ब्लॉकच्या नटाने सोय करून दिली आणि त्या सोयीत नोंद गळाली.

क्रू चीफने पोराला काही ऐकवलं नाही. गाड्या रांगेत लागायची हाक झाली होती. त्याने डॅशखालची वही काढली, एका पानावर सोळा चौकटी, आठ-आठच्या दोन ओळी, इंजिनात जसे आहेत तशा. आधीच्या पानांवर आकड्यांची गर्दी, एकोणीस, एकवीस, साडेअठरा, काही खोडलेले, एकापुढे प्रश्नचिन्ह. पोराने पेन घेतलं आणि त्या दिवसाचं पान भरलं. सोळाही चौकटींत वीस, एकाच वळणाचे, एकाखाली एक. चीफने ते पान जरा वेळ पाहिलं, पाचव्याच्या एक्झॉस्टवर बोट ठेवलं, मग वही मिटून खिशात घातली आणि गाडी ढकलायला मागे गेला.